कडूबाई आणि विळदचा घाट

आधीच सांगून ठेवतो, मी बायकोचं कौतुक करणारा माणूस आहे. देवळाली प्रवरेत कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, म्हणतील, "आबासाहेब ना? बसला की बायकोचंच लावतो." लावतो! कुणाच्या बापाचं काय जातंय? ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही ते गप्प बसतात, माझ्याकडे आहे म्हणून मी बोलतो.

माझ्या बायकोचं नाव कडूबाई. नाव ऐकून नवीन माणूस हसतो आणि माझं टाळकं सरकतं. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापांनी हिचं नाव असं ठेवलं. कुणाची नजर लागायला नको, यमालासुद्धा वाटावं की जाऊ दे, ही कडू आहे. माहेर पाथर्डीकडचं, सगळं कोरडवाहू. दिवाळी झाली की घराला कुलूप लावून सगळी माणसं ऊस तोडायला आमच्या बाजूला यायची. आमच्याच उसात त्यांची टोळी असायची.

एके वर्षी उसाने भरलेला ट्रॅक्टर आमच्या शेतात रुतला. मागे दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर दाबतोय, चाक आणखी खाली जातंय, आणि सगळे मिळून त्याच्यावर ओरडतायत. ही पोरगी हातात कोयता घेऊन बांधावर उभी होती. बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, "मागली ट्रॉली सोडा की. एक एक न्या." एवढं बोलून स्वतःच चाकापुढे पाचट टाकायला लागली. ट्रॅक्टर निघाला. आमचे वडील, त्यांना सगळा गाव आप्पा म्हणायचा, ते त्या दिवशी घरी आले आणि आईला म्हणाले, "अगं ऐकलंस का, सून सापडली." मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो, पण विचारायचं तरी!

भावकीत कुजबुज झाली. तोडकऱ्याची पोरगी करतात म्हणे. आप्पांनी कुणाला भीक घातली नाही.

पुढे आप्पांनी नगरच्या एका वकिलाकडून जुनी डिझेल गाडी घेतली. पांढरी, गोल पाठीची, मागे तीन माणसं ऐसपैस बसतील अशी. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, तेव्हा नाव कशाला घ्या. आप्पांनी हौसेने मला शिकवायला घेतलं आणि मी तितक्याच हौसेने ती पाटात घातली. पाटाला पाणी सुटलेलं नव्हतं हे नशीब. आप्पा दार उघडून वर आले, धोतर झटकलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "कडूबाई, तू ये गं!" डोक्यावर पदर घेऊन ती स्टेअरिंगला बसली, ती आजपर्यंत बसलेली आहे. मी शेजारी बसतो आणि सूचना करतो. ती ऐकत नाही.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी राहिली. वस्तीवरच्या बाळंतिणी, म्हातारेकोतारे, साप चावलेले, सगळे हिच्या गाडीतून राहुरीला गेलेत. एक पोर तर नगरला नेताना गाडीतच जन्मलं, कृषी विद्यापीठाच्या कमानीसमोर. त्याचं नाव काय ठेवावं यावर मी बरीच मतं दिली होती. ती पण कुणी ऐकली नाहीत.

तर, मूळ गोष्ट सांगतो. आमची आई, रतनबाई, तिच्या किडन्या कामातून गेल्या. डायलिसिस लागलं. नंबर लागला नगरच्या दवाखान्यात, मंगळवार आणि शुक्रवार. कडूबाई म्हणाली, "मी नेते." तेवढ्यावर विषय संपला. सकाळी आईला मागे उशीला टेकवून बसवायची, अंगावर शाल, मी पुढे, आणि देवळालीहून राहुरी, तिथून नगर-मनमाड रोडने विळदचा घाट चढून नगर. घाट म्हणजे काही फार मोठा नाही, नगरचे लोक त्याला घाट म्हणतात म्हणून म्हणायचं. पण उसाचे ट्रक तिथे रांगत असतात, आणि जुन्या गाडीला तेवढं पुरतं.

गेल्या हंगामात कारखाना सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत गाडी त्या घाटात दम सोडायला लागली. पहिल्यांदा झालं तेव्हा कळलंच नाही. चढ लागला, कडूबाईने गिअर पाडला, ॲक्सिलेटर दाबला, गाडी ढिम्म. दोनदा खोकली, हिसके दिले आणि बंद. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत. मी खाली उतरून ढकलायला लागलो, आई आतून ओरडतेय, "आबा, पाठ धरंल तुझी!" कशीबशी कडेला घेतली. चावी फिरव, फिरव, काही नाही. मग अर्धा तास तशीच उभी राहिली आणि एकदम सुरू झाली. जणू काही झालंच नाही अशी सरळ नगरपर्यंत गेली.

आणि दर वेळी होत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. कधी घाट सुतासारखा चढायची, कधी निम्म्यात बसायची. एका शुक्रवारी आम्ही इतके उशिरा पोचलो की आईची मशीन दुसऱ्याला दिली होती. तिला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. पाय सुजले, धाप लागली. ती रात्र भागवतच्या घरी काढली.

भागवत माझा धाकटा भाऊ. एमआयडीसीत कामाला आहे, सावेडीला फ्लॅट आहे, माणूस सोन्यासारखा. तो त्या रात्री घाबरला. मीही घाबरलो होतो, पण मी आरडाओरडा करतो आणि तो गप्प होतो, एवढाच आमच्यात फरक. सकाळी म्हणाला, "दादा, वैनी, मी तुम्हाला बोल लावत नाही. पण आईला आता माझ्याकडे राहू द्या. दवाखाना दहा मिनिटांवर आहे. पुढच्या वेळी घाटात काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

बरोबरच होतं त्याचं. पण आईचं तोंड एवढंसं झालं. तिला भागवतचा राग नव्हता, त्याच्या बायकोचा नव्हता. फ्लॅटचा होता. "तिथं खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसती रे," म्हणायची. इथे तिचा गोठा, तिचं जांभळाचं झाड, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणाऱ्या चार म्हाताऱ्या. कडूबाईने सासूकडे पाहिलं आणि भागवतला म्हणाली, "भाऊजी, मला थोडा टाइम द्या. गाडी परत घाटात बसली, तर आत्याबाईंची पिशवी मी सोता भरून देईन."

आता गाडी दाखवायची ती कानिफनाथला. कानिफनाथचं गॅरेज आमच्या पेठेत, माझ्याच वर्गातला, आप्पांच्या गाडीचा पहिल्यापासूनचा मिस्त्री. त्याने डिझेल फिल्टर बदलला. बरी झाली म्हणून गेलो, बसली. त्याने डिझेलची लाईन फुंकून काढली, हवा कुठून घेते का बघितलं, जॉइंट आवळले. राहुरीपर्यंत स्वतः चालवून आणली, एकदम फर्स्ट क्लास. मंगळवारी बसली. एअर फिल्टर बदलला. आमच्याकडे हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून काळी काजळी पडते, वाळत घातलेलं धोतरसुद्धा ठिपक्या-ठिपक्याचं होतं, म्हणून त्याला वाटलं तीच भरली असेल. मग टाकी उतरवून धुतली, पंप उतरवला, परत बसवला. प्रत्येक वेळी गॅरेजमधून गाडी हसतमुखाने बाहेर पडायची आणि दोन-चार दिवसांनी विळदला तोंड वाकडं करायची.

कानिफनाथ बिचारा खचला. म्हणाला, "आबा, आजार दिसला तर औषध देईन ना. ही माझ्यापुढं आली की ठणठणीत!"

आणि टपरीवर काय सुरू झालं असेल? "बाई माणूस हाय, घाटात दाबत नसंल." "क्लच सोडत असंल अर्धा." एकाने तर मला सांगितलं, "आबा, आता तू शिक." मी म्हणालो, "तू शिक आधी, तुझी मोटरसायकल अजून तुझी बायको सुरू करून देती." त्यावरून जुंपली. लोकांनी सोडवलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी माझा चष्मा गेलाच होता.

घरी येऊन मी हे सगळं तावातावाने सांगितलं. कडूबाई भाकरी थापत होती. तिने मला विचारलं, "अहो, ज्या दिवशी आपन जाताना राहुरीत डिझेल भरतो, त्या दिवशी कधी बसली का गाडी?"

मी म्हणालो, "मला काय आठवतंय?"

"मला आठवतंय. न्हाई बसली."

आमची पद्धत अशी की येताना नगरला, दवाखान्याजवळच्या पंपावर थोडं डिझेल घ्यायचं. कधी विसरलं, तर मग पुढच्या खेपेला जाताना राहुरीत. कडूबाईचं म्हणणं असं, की राहुरीत घेतलं त्या दिवशी घाट चढतो, नगरला घेतलेलं असलं की बसते. मी म्हणालो, "म्हणजे नगरच्या पंपावर भेसळ आहे! थांब, उद्याच जाऊन त्याला—"

"तुमी बसा खाली," ती म्हणाली. "भेसळ असती तर रोजच बसली असती. आन् येताना का नसती बसली?"

मी बसलो खाली. तिचं आपलं सुरू झालं. म्हणजे बाहेरून काही दिसत नाही. भाकरी, धुणं, गोठा, सगळं चालू, पण डोकं आत फिरत असतं. ट्रॅक्टर रुतला होता तेव्हा बांधावर उभी होती तशीच. मध्येच मला विचारते, "कानिफभाऊ गाडी आली की पहिलं काय करतात?" मी काय सांगणार! म्हणून तिने स्वतः जाऊन गॅरेजसमोरच्या बाकड्यावर बसून घेतलं. कुठलीतरी दुसरी जुनी डिझेल गाडी आलेली होती. कानिफनाथने काय केलं, आधी टाकीचं झाकण काढलं, वाकून आत बघितलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं. मग बॉनेट उघडलं. ती त्याची सवय, त्याच्या उस्तादाने लावलेली. आधी टाकी, मग इंजिन.

मंगळवारी येताना आम्ही नगरच्या पंपावर थांबलो. माणसाने झाकण फिरवलं आणि आतून बारीकसा आवाज आला, फुस्स. मी ऐकला नाही, मी त्या पंपवाल्याकडे संशयाने बघत होतो. कडूबाईने ऐकला. राहुरी येईपर्यंत ती माझ्या एकाही सूचनेवर चिडली नाही, यावरून मला कळलं की काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅरेजमध्ये गेली. म्हणाली, "कानिफभाऊ, आज गाडी तपासायची न्हाई. बॉनेटला हात लावायचा न्हाई, टाकीला तर मुळीच न्हाई. नुसतं मागं बसा. विळदला जाऊन येऊ."

"टाकी न बघता? वैनी, मी पहिलं टाकीच बघतो."

"म्हनूनच," कडूबाई म्हणाली. "तुमी टाकी उघडली की गाडी शहाणी हुती."

कानिफनाथने माझ्याकडे पाहिलं. मी मान ताठ करून पुढे बसलो, जणू मला सगळं माहीतच होतं.

निघालो. राहुरी गेली, विद्यापीठ गेलं, वांबोरी फाटा गेला. कुठेही थांबलो नाही. देहऱ्याच्या पुढे गाडी किंचित मंद झाली. मागून कानिफनाथ म्हणाला, "आली, आली." चढ लागला आणि गाडीने तेच केलं, खोकली, हिसका दिला, बसली. कडूबाईने ती अलगद कडेला घेतली. एरवी माझा जीव खाली-वर होतो, त्या दिवशी ती बंद पडली म्हणून मला इतका आनंद झाला! कानिफनाथ तर टाळी वाजवून म्हणाला, "शेवटी दाखवलास आजार!"

कडूबाई उतरली. बॉनेटकडे गेलीच नाही. मागे जाऊन टाकीच्या झाकणाला हात घातला, तर फिरेना. कानिफनाथने जोर लावला. झाकण सुटलं आणि गाडीने असा लांबलचक श्वास आत घेतला की रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजातसुद्धा आम्हा तिघांना ऐकू आला. कडूबाईने लगेच जाऊन चावी फिरवली. एका फटक्यात सुरू. ना अर्धा तास थांबणं, ना काही.

"आयला," कानिफनाथ म्हणाला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "टाकीत हवा जात न्हाई. डिझेल जातंय इंजिनाकडं, आन् त्याच्या जागी आत हवा यायला पायजे, ती येत न्हाई. टाकी आतून ओढून धरती मग. पंप तरी कुठून आननार डिझेल? वैनी, मी दर वेळी झाकन उघडून ह्याच हातानं तिला हवा देत हुतो, आन् वर इचारत हुतो आजार कुठं हाय!" असं म्हणून तो मोठ्याने हसायला लागला. कडूबाई हसली, मीही हसलो. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं असेल, गाडी बंद पडलीय आणि ह्यांना वेड लागलंय.

जुन्या गाड्यांच्या झाकणाला मध्ये एक बारीक भोक असतं, सुई जाईल एवढं, हवा जायला. कानिफनाथने झाकण पुसून उन्हात धरलं. भोक दिसेना. तिथे काहीतरी काळं, घट्ट बसलेलं होतं. "काजळी," मी म्हणालो. त्याने खिशातली पिन काढून उकरलं. वरून काळं होतं, पण आतून पिवळट निघालं, आणि त्यात लाल कण.

मी ते नखावर घेऊन चोळलं. मेण होतं ते. कुंकवाचं मेण. पूर्वी बायका आधी कपाळाला मेण लावायच्या, मग वर कुंकू, म्हणजे ते दिवसभर हलायचं नाही. आईची पितळी डबी होती मेणाची. आप्पा गेल्यापासून ती कपाटात होती.

खरं सांगतो, मला राग आला. असा तसा नाही. ढकलून ढकलून माझी पाठ गेली, टपरीवर बायकोची अब्रू गेली, स्वतः ही म्हातारी मशीनवाचून धापा टाकत राहिली, आणि हिनेच भोक बुजवलं? मी म्हणालो, "घरी चल, बघतोच आईकडे!"

"तुमी एक शब्द काढला ना," कडूबाई गाडी वळवता वळवता म्हणाली, "तर हितंच उतरवीन. जा मग चालत."

घरी आलो तर आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. कडूबाई तिच्याशेजारी बसली, दोन मुठी स्वतःच्या पुढ्यात ओढून निवडायला लागली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "आत्याबाई, गाडीच्या झाकनाला मेन तुमी लावलं का वो?"

आईचा चेहरा फुलला. "दिसलं व्हय तुला? अगं, एवढी काजळी पडती, आन् त्या झाकनाला भोक! सगळी घान आत जायची. मला आता काय काम व्हतंय? पानी उचलवत न्हाई, वाकवत न्हाई. म्हनलं, ह्यांची गाडी हाय, तेवढं तरी बघावं. निघून आलं की परत भरते मी. डबीत मेन पडूनच हुतं."

म्हणून कधी बसायची आणि कधी नाही! ताजं भरलं की गाडी कोंडायची, जरा ढिलं झालं किंवा राहुरीत डिझेलसाठी झाकण उघडलं की चालायची. माझा राग कुठे गेला कळलं नाही.

कडूबाईने तिला समजावून सांगितलं. काही लपवलं नाही. लपवलं असतं तर आईने दुसऱ्या दिवशी परत मेण लावलं असतं. टाकीत हवा कशी लागते, भोक कशाला असतं, सगळं. आई ऐकत गेली, आणि तिचे हात तांदळात थांबले.

"म्हंजी मीच बंद पाडत हुते गं?"

"तुमाला कुठं ठाव हुतं, आत्याबाई."

"तुला लोकं बोलली. आबा भांडत फिरला. आन् मी मागं बसून म्हनते, काय झालं गं बाई गाडीला?" तिने पदर तोंडाला लावला. "भागवत बरोबर बोलतो. मला तिकडंच सोडा. मी घरात असले की घोटाळेच व्हनार. बस झालं."

कडूबाईने पुष्कळ सांगून बघितलं. मीही म्हणालो, "आई, वेडी आहेस का?" पण आमची आई हट्टाला पेटली की पेटली. गुरुवारी भागवत आला, रजा काढून. आईने स्वतःची पिशवी स्वतः भरली होती. भागवतने गाडीचं ऐकलं, खूप हसला, वैनीला हात जोडले. पण आईनेच म्हटल्यावर तो तरी काय करणार? ठरलं, की शुक्रवारी आप्पांच्याच गाडीने सगळे नगरला जाऊ, डायलिसिस झालं की आई भागवतबरोबर जाईल. आम्ही गाडी नीट केली ती तिला सोडून येण्यासाठी! मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी पिशवी डिकीत गेली. आई मागे टेकून बसली, शेजारी भागवत, मी पुढे. कडूबाई स्टेअरिंगला बसली आणि चावी हातात धरून तशीच बसून राहिली.

मी म्हणालो, "चल की."

"झाकन कोनी बघितलं न्हाई अजून," ती म्हणाली. आणि मागे न वळता हात मागे केला. हातात सेफ्टी पिन होती. "आत्याबाई, भोक मोकळं हाय का बघा बरं. काजळी बसती."

"मी न्हाई हात लावनार," आई म्हणाली. "माझा हात नको त्याला. आबाला सांग."

"त्यांनी ही गाडी पाटात घातली हुती. त्यांच्यावर माझा भरवसा न्हाई."

भागवत म्हणाला, "वैनी, मी बघतो."

"तुमी बसा, भाऊजी. त्या भोकाची म्हाईती एकट्या आत्याबाईंना हाय. त्यांनी बघितल्याबिगर मी चावी फिरवायची न्हाई. उशीर झाला तर झाला."

आणि खरंच बसून राहिली. मी घड्याळ बघतोय, भागवत माझ्याकडे बघतोय. बऱ्याच वेळाने मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आई गाडीला धरून धरून मागे गेली. भागवत उठायला लागला तर कडूबाईने आरशातून त्याच्यावर असे डोळे काढले की तो परत बसला. आईने झाकण काढलं, डोळ्याजवळ नेलं, आभाळाकडे धरलं, पिन घातली, फुंकर मारली, परत आभाळाकडे धरलं. पदराने पुसून लावून टाकलं. परत येऊन बसली आणि म्हणाली, "जराशी हुती बसलेली. काढली. चल आता."

त्या दिवशी गाडी विळदला काय चढली म्हणून सांगू! वाटेत कुठे डिझेल घेतलं नाही, कुठे थांबलो नाही. चढ आला, कडूबाईने गिअर पाडला, आणि गाडी एका दमात उसाच्या दोन ट्रकांना मागे टाकून वर. मी काचेतून हात बाहेर काढून ट्रकवाल्यांना टाटा केला. भागवत "वा वैनी, वा!" करत होता. मी मागे वळून पाहिलं तर आई टेकून नव्हती, पुढे सरकून, सीटला धरून, इंजिनाचा आवाज ऐकत बसली होती.

डायलिसिस झालं. बाहेर आलो. भागवतने रिक्षा थांबवली, डिकी उघडून आईची पिशवी काढली आणि रिक्षात ठेवली. कडूबाई गाडीच्या पलीकडे उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तीन माणसांचं काम एकटी करते ती, पण त्या वेळी तिला काय करावं ते सुचत नव्हतं. मी रिक्षावाल्यालाच उगाच झापलं, रिक्षा नीट लाव म्हणून.

आई रिक्षाकडे चालायला लागली आणि मध्येच वळली. आप्पांच्या गाडीच्या मागे गेली. झाकण काढलं, आभाळाकडे धरलं, एक डोळा मिटून बघितलं, लावलं. मग तिथूनच, एवढ्या रस्त्यात, भागवतला म्हणाली,

"भागवता, पिशवी परत ठेव बाबा डिकीत. वस्तीवरची लोकं हिला कधीबी हाक मारत्यात. मी तिकडं ऱ्हायले, तर हे झाकन कोन बघंल?"